मतदारसंघाची रेघ कोण मारतो?

मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की ‘जेरीमँडरिंग’, म्हणजे आपल्या पक्षाचा फायदा व्हावा अशा बेताने मतदारसंघाच्या सीमा आखणे, हा शब्द आता मराठी चर्चेतही सर्रास वापरला जातो. एखाद्या मतदारसंघाचा वेडावाकडा नकाशा पुढे करायचा आणि ‘बघा, कसा कापलाय’ म्हणायचे, एवढ्यावर बहुतेक चर्चा थांबते. पण हा शब्द ज्या गैरप्रकाराचे नाव आहे, तो नकाशाच्या आकारात फार क्वचित पकडता येतो. तो पकडावा लागतो मतांच्या आकड्यांत, आणि रेघ मारण्याचा अधिकार कुणाकडे आहे हे पाहून. आकाराकडे बोट दाखवण्याची खोड या शब्दाला जन्मापासूनच लागली आहे. ती सुटल्याशिवाय आपल्याकडच्या पुनर्रचनेवर नागरिकांना डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवता येणार नाही.

शब्दाचा जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. तिथला गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याने ११ फेब्रुवारी १८१२ रोजी राज्याच्या सिनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचे, मतदारसंघ नव्याने आखणाऱ्या विधेयकावर सही केली. गेरी हा कुणी किरकोळ पुढारी नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. १७८७ च्या घटना परिषदेत तो हजर होता आणि तयार झालेल्या घटनेवर सही करायला त्याने नकार दिला होता. तोवर मॅसॅच्युसेट्समध्ये सिनेटचे मतदारसंघ काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, सीमा पाळून ठरत. गेरीच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाने त्या मोडल्या. बॉस्टनच्या उत्तरेला असलेली एसेक्स काउंटी दुभंगली आणि तिच्या कडेकडेची गावे एकापुढे एक जोडून लांबलचक, वाकलेला मतदारसंघ तयार झाला. २६ मार्च १८१२ रोजी ‘बॉस्टन गॅझेट’ने त्याच नकाशाला पंख, नखे आणि जबडा काढून व्यंगचित्र छापले. सॅलमँडर हा सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी. त्याचे शेपूट गेरीच्या नावाला जोडून ‘गेरीमँडर’ झाला. त्या माणसाचे नाव ‘गेरी’ असेच उच्चारले जाई. शब्द मात्र पुढे लोकांच्या तोंडी ‘जेरीमँडर’ म्हणून रुळला.

त्या वर्षीचा निकाल आजही अभ्यासकांच्या तोंडी असतो. सिनेटसाठी विरोधी फेडरलिस्ट पक्षाला राज्यभरात ५१,७६६ मते पडली आणि जागा मिळाल्या ११. गेरीच्या पक्षाला ५०,१६४ मते पडली आणि जागा मिळाल्या २९. त्याच वर्षी गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत मात्र स्वतः गेरी हरला. गव्हर्नर अख्ख्या राज्यातून एकगठ्ठा निवडला जातो, तिथे कापायला रेघच नसते. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकाच मतदारांनी दिलेले हे दोन निकाल शेजारी ठेवले की रेघेची ताकद किती हे वेगळे सांगावे लागत नाही.

व्यंगचित्र इतके नेमके उतरले की पुढची दोनशे वर्षे लोक नकाशात प्राणी शोधत राहिले. काही वेळा तो सापडलाही. अलाबामातल्या टस्कीगी शहराची हद्द १९५७ मध्ये चौकोनी होती, ती बदलून २८ बाजूंची करण्यात आली. हेतू एकच होता, शहरातले जवळपास सगळे कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर जावेत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये ही हद्द घटनाबाह्य ठरवायला वाट मोकळी करून दिली. पण वाकडा आकार प्रत्येक वेळी लबाडीचाच असतो असे नाही. नदी, खाडी, डोंगर यांनी मतदारसंघ वाकतो. शिकागोतला एक मतदारसंघ कित्येक वर्षे कानटोपीसारखा दिसायचा, कारण मधल्या वस्तीला वळसा घालून लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, दोन वस्त्या त्यात जोडल्या होत्या. त्या समाजाला आपला एक प्रतिनिधी निवडता यावा, हा त्यामागचा विचार होता.

उलट सुबक आकाराने किती फसवता येते, याचे उदाहरण नॉर्थ कॅरोलिनाचे आहे. तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने २०१६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, १३ जागांचा नवा नकाशा केला. आधीच्या नकाशापेक्षा तो दिसायला कितीतरी नीटनेटका होता आणि त्यात फारच कमी काउंट्या फुटल्या होत्या. त्या वर्षी रिपब्लिकनांना राज्यात सुमारे ५३ टक्के मते मिळाली आणि १३ पैकी १० जागा. ग्रीन्सबरो शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे एक मोठे जुने विद्यापीठ आहे. दोन मतदारसंघांची सीमा त्याच्या आवारातून गेली. रस्त्याच्या एका बाजूच्या वसतिगृहातला विद्यार्थी एका मतदारसंघात, समोरचा दुसऱ्यात. दोन्हीकडे त्यांची मते मोठ्या ग्रामीण पट्ट्यात विरून गेली. राज्याच्या नकाशावर ही रेघ डोळ्यांना काहीच खटकत नाही.

लोकसंख्या समान ठेवली की प्रश्न सुटतो, हाही असाच एक गैरसमज आहे. लोकसंख्येतली विषमता हा निराळा रोग आहे. एका मतदारसंघात दहा हजार आणि दुसऱ्यात लाख लोक असले तर मताची किंमतच दहापट बदलते. अमेरिकेत १९६४ च्या निकालांनी ‘एका माणसाला एकच मत’ हे तत्त्व पक्के करून तो रोग बराचसा आटोक्यात आणला. पुढे १९८३ मध्ये तर न्यू जर्सीचा नकाशा, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मतदारसंघातला फरक ०.७ टक्क्याहून कमी असूनही, कोर्टाने रद्द केला. पण या काटेकोरपणामुळे जेरीमँडरिंग थांबले नाही. उलट गाव, काउंटी, वस्ती कुठेही फोडायला ‘लोकसंख्या जुळवायची होती’ ही सबब मिळाली. आपल्याकडे उत्तर आणि दक्षिण भारतात लोकसभेच्या जागांचे वाटप कसे व्हावे यावर जो वाद आहे, तो या पहिल्या रोगाच्या जवळचा आहे. राज्याला किती जागा हा एक प्रश्न. त्या राज्यात रेघा कुठून जाणार हा दुसरा. पहिल्याचा गदारोळ चालू असताना दुसऱ्याकडे कुणाचे लक्ष नसते.

रेघ प्रत्यक्षात कशी काम करते ते पाहू. समजा ५०० मतदार आहेत, प्रत्येकी १०० चे पाच मतदारसंघ करायचे आहेत. ‘अ’ पक्षाचे मतदार ३००, ‘ब’ पक्षाचे २००. रेघ ‘ब’च्या हातात आहे. तो आधी ‘अ’चे मतदार दोन मतदारसंघांत कोंबतो. एकात ‘अ’ ८०, ‘ब’ २०. दुसऱ्यात ‘अ’ ७९, ‘ब’ २१. उरलेल्या तीन मतदारसंघांत प्रत्येकी ‘ब’ ५३ आणि ‘अ’ ४७. संपले. ४० टक्के मतांचा ‘ब’ पाचपैकी तीन जागा घेऊन सत्तेवर येतो आणि एकाही मतदाराची लोकसंख्येच्या हिशेबात फसवणूक झालेली नसते. यात दोनच क्रिया आहेत. एकीकडे विरोधकांची मते एका जागी कोंबायची, म्हणजे तिथे ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त मतांनी जिंकतात. दुसरीकडे त्यांची उरलेली मते फोडून विखुरायची, म्हणजे तिथे ते थोडक्यात हरत राहतात.

‘ब’ने ५३ वर का थांबावे? हाव धरून तो चौथी जागा काढायला गेला तर चारही ठिकाणी ५०-५० होते आणि वारे जरा फिरले की चारही जातात. म्हणून मुरलेला नकाशाकार विजयाचे अंतर आधीच्या चार-पाच निवडणुकांतल्या चढउतारापेक्षा जरा जास्त ठेवतो. हे अंतर चुकले की नकाशा काढणाऱ्यावरच उलटतो. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी अशा फसलेल्या नकाशाला ‘डमीमँडर’ असे नाव दिले आहे. याशिवाय आणखी एक जुनी युक्ती आहे. विरोधी पक्षाच्या दोन निवडून आलेल्या प्रतिनिधींची घरे एकाच मतदारसंघात टाकायची, म्हणजे त्यांचे आपसात जुंपते. किंवा एखाद्याचे घर रेघेच्या पलीकडे सरकवायचे आणि त्याचा बालेकिल्ला त्याच्यापासून तोडायचा.

मोजायचे कसे? एक सोपी रीत अशी. हरलेल्या उमेदवाराची सगळी मते आणि जिंकलेल्याची गरजेपेक्षा जास्तीची मते वाया गेली असे धरायचे. वरच्या उदाहरणात जिंकायला ५१ मते पुरतात. मग ‘अ’ची वाया गेलेली मते: तीन ठिकाणी हरून १४१, दोन ठिकाणी जास्तीची २९ आणि २८, एकूण १९८. ‘ब’ची: जास्तीची ६ आणि हरलेली ४१, एकूण ४७. फरक १५१, म्हणजे एकूण मतांच्या सुमारे ३० टक्के. हे माप उपयोगी आहे, पण एकट्याने पुरेसे नाही. एका पक्षाचे मतदार मुळातच शहरांत दाटीने राहत असतील तर कुणी लबाडी न करताही त्यांची मते वाया जातात. म्हणून जास्त खात्रीची रीत म्हणजे संगणकाकडून त्याच नियमांनी, पण मतांची माहिती न देता, हजारो पर्यायी नकाशे काढून घ्यायचे आणि प्रत्यक्षातला नकाशा त्या गर्दीत कुठे बसतो ते बघायचे. नॉर्थ कॅरोलिनाच्या खटल्यात ड्यूक विद्यापीठातले गणिती जोनाथन मॅटिंग्ली यांनी २४,५१८ नकाशे काढले. त्यांतल्या एक टक्क्याहूनही कमी नकाशांत १०-३ असा निकाल येत होता. एवढा ढळढळीत पुरावा समोर असूनही २७ जून २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की पक्षीय जेरीमँडरिंगचा निवाडा करणे संघराज्याच्या न्यायालयांच्या कक्षेत येत नाही. माझ्या मते हा निकाल चुकीचा होता, आणि त्याची फळे लवकरच दिसली. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता, रिपब्लिकनांना आणखी पाच जागा मिळाव्यात या उघड हेतूने नकाशा बदलला. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्याच स्वतंत्र आयोगाचा काँग्रेससाठीचा नकाशा बाजूला ठेवून डेमोक्रॅटांना सोयीचा नकाशा मंजूर केला. तो आयोग चांगला होता. त्यात १४ सभासद असतात, दोन्ही मोठ्या पक्षांचे पाच-पाच आणि कुठल्याच मोठ्या पक्षाचे नसलेले चार. एका राज्याने लबाडी केली की दुसऱ्यातली चांगली व्यवस्थाही टिकत नाही, हे त्यातून कळले.

मला सर्वांत शिकण्याजोगे वाटते ते आयोवा राज्य. तिथे १९८० च्या कायद्याने नकाशा काढण्याचे काम विधिमंडळाच्या पक्षनिरपेक्ष कर्मचाऱ्यांकडे आहे. त्यांना आधीचे निवडणूक निकाल, मतदारांची पक्षनोंदणी आणि विद्यमान सभासदांचे पत्ते वापरायला कायद्यानेच बंदी आहे. तो नकाशा आमदारांनी स्वीकारायचा किंवा फेटाळायचा. पहिल्या दोन नकाशांत त्यांना मनासारखे फेरफार करता येत नाहीत.

आता आपल्याकडे. लोकसभा आणि विधानसभेच्या पुनर्रचनेचे काम सीमांकन आयोग करतो. २००२ च्या कायद्याप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष, शिवाय निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि राज्य निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मत देण्याचा किंवा आदेशावर सही करण्याचा अधिकार नाही. आयोगाचा आदेश सभागृहापुढे ठेवला जातो, पण सभागृह त्यात कानामात्रा बदलू शकत नाही. सत्ताधारी पक्षाने विधिमंडळात बहुमताने नकाशा मंजूर करून घेणे, हा अमेरिकेतला मूळ दोष आपल्या रचनेत नाही. ही आपली मोठी मिळकत आहे आणि ती जपली पाहिजे.

पण तीन ठिकाणी फटी आहेत. पहिली न्यायालयाची. घटनेच्या कलम ३२९ मुळे पुनर्रचनेच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही असेच वर्षानुवर्षे धरले गेले. निवडणुका अडकून पडू नयेत हा त्यामागचा हेतू रास्त आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आदेश उघडच मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय तो तपासू शकते. दार किलकिले झाले आहे, इतकेच. दुसरी फट आरक्षणाची. अनुसूचित जातींसाठीच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत, त्यांची वस्ती तुलनेने जास्त असेल तिथे द्याव्यात असा नियम आहे. ‘तुलनेने’ आणि ‘शक्यतो’ या शब्दांत निवडीला जागा राहते. मुस्लिम मतदार बरेच असलेल्या काही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्या आणि अनुसूचित जातींची वस्ती त्याहून जास्त असलेल्या जागा खुल्या राहिल्या, हे मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते. रेघ न हलवताही मतदारसंघाचा निकाल बदलता येतो, तो असा.

तिसरी फट माहितीची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळता येत. मतदान यंत्रात प्रत्येक केंद्राची मते वेगळी दिसतात आणि फॉर्म २० या निकालपत्रकात ती केंद्रवार प्रसिद्धही होतात. म्हणजे कुठल्या गल्लीने, कुठल्या वाडीने कुणाला किती मते दिली, हे ज्याला हवे त्याला कळते. जेरीमँडरिंगला लागणारा कच्चा माल एवढाच असतो. अनेक यंत्रांची मते एकत्र करून मोजणारे टोटलायझर यंत्र वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला, तरी ते आले नाही.

आपल्याकडे बहुपक्षीय राजकारण आहे, मतदार दर निवडणुकीला फिरतो, त्यामुळे इथे हे चालणार नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. लोकसभेपुरता त्यात तथ्य आहे. पंधरा-वीस लाख मतदारांचा हिशेब दहा-पंधरा वर्षे टिकवणे कठीण. पण पक्ष बदलले तरी वस्ती जागची हलत नाही, आणि जात-धर्मानुसार वसलेल्या मोहल्ल्या-पाड्यांचा कल पक्षांपेक्षा जास्त स्थिर असतो. शिवाय मतदारसंघ जितका लहान तितकी रेघ धारदार. नगरपालिका-महापालिकांच्या प्रभागांत काही शे मतांनी निकाल फिरतो. तिथे एक वस्ती रेघेच्या अलीकडे-पलीकडे गेली की काम झाले. महाराष्ट्रात तर प्रभाग किती सदस्यांचा, हेच सत्तेबरोबर बदलत आले आहे. २०१७ मध्ये मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग होता, पुढे तो तीन सदस्यांचा ठरला, मग पुन्हा चारकडे वळला. २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभाग रचनेचा अधिकार कायदा बदलून राज्य सरकारकडे घेतला, तोही एकमताने. गेरीच्या मॅसॅच्युसेट्सशी साम्य शोधायचे असेल तर ते मतदारसंघाच्या आकारात नाही, या अधिकारबदलात आहे. ज्यांचे कार्यकर्ते निवडणूक लढवणार, त्यांच्याच खात्याच्या आदेशाने रेघा ठरणार, हे सर्वपक्षीय असले तरी चूक आहे. तो अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत गेला पाहिजे.

नियम कागदावर वाईट नाहीत. प्रभाग रचना उत्तरेकडून सुरू करायची, ईशान्य आणि पूर्वेकडून सरकत दक्षिणेला संपवायची. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे साधारण सहाशे ते आठशे लोकवस्तीचा तुकडा, फोडायचा नाही. सरासरी लोकसंख्येपेक्षा १० टक्के कमी-जास्त चालते. नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठे रस्ते ही हद्द धरायची. पण या १० टक्क्यांच्या सवलतीतच खेळ आहे. ३०,००० सरासरी असेल तर २७,००० आणि ३३,००० हे दोन्ही नियमात बसतात. सहा हजारांच्या त्या फरकात सात-आठ प्रगणक गट इकडून तिकडे करता येतात, आणि कोणते करायचे याचे कारण कुठेही लिहावे लागत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. प्रारूप आराखड्यासोबत प्रत्येक प्रगणक गटाचा क्रमांक, लोकसंख्या आणि त्याला दिलेला प्रभाग संगणकावर उघडता येईल अशा तक्त्यात प्रसिद्ध करावा. फक्त स्कॅन केलेला नकाशा देऊन भागवू नये. सरासरीपासून पाच टक्क्यांहून जास्त ढळलेल्या प्रत्येक प्रभागाचे कारण लेखी द्यावे. आखणाऱ्यांना फॉर्म २० आणि विद्यमान सदस्यांचे पत्ते वापरायला आयोवासारखी बंदी असावी, पण आराखडा जाहीर झाल्यावर त्याच फॉर्म २० च्या आकड्यांवर, हजारो तटस्थ नकाशांशी ताडून, स्वतंत्र तपासणी व्हावी. लोकसभा-विधानसभेच्या पुनर्रचनेत सहयोगी खासदार-आमदारांनी केलेल्या प्रत्येक लेखी सूचनेला नावानिशी प्रसिद्धी मिळावी. त्यांना मत नसले तरी त्यांचा शब्द कुठे मानला गेला हे लोकांना कळले पाहिजे.

हरकती-सूचनांची मुदत बहुतेक वेळा जेमतेम आठवडा-पंधरवड्याची असते. त्यात ‘प्रभाग विचित्र आकाराचा आहे’, ‘आमच्या भागावर अन्याय झाला’ अशा हरकती शेकड्याने येतात आणि शेकड्याने निकाली निघतात. टिकते ती हरकत, जिच्यात प्रगणक गटांचे क्रमांक असतात, ते हलवल्यावर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होते याची बेरीज असते, नव्या हद्दीचा रस्ता किंवा नाला नावाने सांगितलेला असतो आणि शेजारच्या प्रभागावर काय परिणाम होतो तेही लिहिलेले असते. अशी हरकत फेटाळायची तर सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला आकड्याचे उत्तर आकड्याने द्यावे लागते, आणि ते उत्तर पुढे न्यायालयात वाचून दाखवता येते.